दर लॉटला परत येणारा साल्मोनेला: अँटिबायोटिकशिवाय तो नेमका कुठे अडवायचा

मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांची समस्या अशी आहे. पक्षी दिसायला निरोगी आहेत, मरतुक नेहमीइतकीच आहे, वजन आणि एफसीआर (किती खाद्यात किती वजन वाढले याचे प्रमाण) यांबद्दल तक्रार नाही, आणि तरीही माल घेणारा जेव्हा कातडीचा किंवा मांसाचा नमुना तपासायला पाठवतो तेव्हा अहवालात ‘साल्मोनेला आढळला’ असे येते. मग पाण्यातून तीन ते पाच दिवस अँटिबायोटिक दिले जाते, पुढचा एखादा अहवाल स्वच्छ येतो आणि त्यानंतरच्या लॉटला, म्हणजे एकत्र वाढवलेल्या पक्ष्यांच्या तुकडीला, तोच शेरा पुन्हा येतो. हातकणंगले तालुक्यातील माझ्या दोन शेडमध्ये, प्रत्येकी सुमारे अडीच हजार पक्ष्यांच्या, हे चक्र लागोपाठ चार लॉट चालले. माझा माल कोल्हापुरातील चिकनच्या दुकानांत आणि एका मोठ्या स्वयंपाकघरात जातो. त्या स्वयंपाकघराने दुसऱ्या अहवालानंतर मला शांतपणे सांगितले की ‘औषध कोणते दिले ते नको, जंतू आला कुठून ते सांगा.’ त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते इथे मांडतो, कारण हीच अडचण करवीर, कागल, शिरोळकडील अनेक शेडमध्ये आहे आणि बहुतेक जण ती बाटली बदलून सोडवू पाहतात.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. साल्मोनेला हे एकाच जंतूचे नाव नाही. गॅलिनेरम आणि पुलोरम हे प्रकार कोंबडीलाच आजारी पाडतात. पांढरी हगवण, पिवळसर हिरवी विष्ठा, तांबूस-ब्राँझ रंगाचे सुजलेले यकृत आणि वाढलेली मरतुक दिसली तर तो पशुवैद्यकाचा विषय आहे आणि त्याचा उपचार वेगळा असतो. एंटेरिटिडिस, टायफिम्युरियम यांसारखे प्रकार मात्र वाढत्या पक्ष्याच्या आतड्यात त्याला फारसा त्रास न देता राहतात आणि माणसाच्या पोटात गेल्यावर जुलाब, उलट्या, ताप घेऊन येतात. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या दुसऱ्या एका जंतूचेही तसेच आहे. हे लिखाण या दुसऱ्या गटाबद्दल आहे, म्हणजे जो जंतू शेडमध्ये दिसत नाही आणि ताटापर्यंत पोचतो त्याबद्दल.

अँटिबायोटिकने तो जात का नाही

पक्ष्याच्या आतड्याच्या शेवटाकडे सीका नावाच्या दोन आंधळ्या पिशव्या असतात आणि साल्मोनेलाचे मुख्य घर तिथे असते. निरोगी, मोठ्या पक्ष्याच्या सीकामध्ये इतर असंख्य जिवाणूंची दाट वस्ती असते. जागा आणि अन्न दोन्ही त्यांनी आधीच व्यापलेले असल्यामुळे नव्या जंतूला पाय रोवणे अवघड जाते. अँटिबायोटिक दिले की साल्मोनेलाबरोबर ही वस्तीही उठते. पक्ष्यांची विष्ठा, जमिनीवर पसरलेली तुसाची गादी, पाण्याची पाइपलाइन, उंदीर यांपैकी कुठेतरी साल्मोनेला शिल्लक असतोच, आणि तो रिकाम्या झालेल्या आतड्यात आता आधीपेक्षा सहज शिरतो. १९५० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या उंदरांना साल्मोनेलाची बाधा होण्यासाठी, एरवी लागतात त्याच्या तुलनेत, अगदी मोजके जंतू पुरेसे ठरले होते. आपल्या शेडमध्ये आपण दर लॉटला नेमका हाच प्रयोग करत असतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जे जंतू औषधातून वाचतात ते त्या औषधाला न जुमानणारे असतात आणि माणसाला बाधा झाली तर डॉक्टरांच्या हातातील तेच औषध निकामी ठरते. याच धोक्यामुळे केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि खाद्यपूरकांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली, कारण अनेक औषधे निकामी झालेल्या रुग्णासाठी कोलिस्टिन हा अखेरच्या काही आधारांपैकी एक आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देणे बंद केले आणि त्याच वर्षी आणखी एक नियम केला, तो आपल्याला जास्त उपयोगाचा आहे: अपवादात्मक परिस्थिती वगळता, कोंबड्यांतील साल्मोनेलाच्या नियंत्रणाचा उपाय म्हणून अँटिबायोटिक वापरायचेच नाही. मला औषध विकणाऱ्याने ‘दर लॉटला विसाव्या दिवशी एक कोर्स ठेवा’ असा सल्ला दिला होता. तो मी दोन लॉट पाळला, आणि त्याबद्दल मला आज मनापासून खंत वाटते.

आधी जागा शोधा

अँटिबायोटिकला पर्याय म्हणून बाजारात आम्ले आहेत, प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवाणू आहेत, यीस्टच्या पेशीभित्तिका आहेत, ओवा-दालचिनीसारख्या वनस्पतींचे अर्क आहेत. यांतील प्रत्येकाची काम करण्याची जागा ठरलेली आहे. कोणी पाण्याच्या नळीत काम करते, कोणी गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत, कोणी सीकामध्ये, तर कोणी केवळ खाद्याच्या पोत्यात. जंतू एका जागी आणि उपाय दुसऱ्या जागी असला तर पैसे जातात आणि अहवाल तोच येतो. म्हणून खरेदीच्या आधी तपासणी.

सर्वांत सोपी तपासणी बुटांवरून होते. निर्जंतुक कापडी मोजे निर्जंतुक मिठाच्या पाण्यात भिजवून बुटांवर चढवायचे, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, फीडरच्या आणि निपलच्या (चोचीने दाबून पाणी पिण्याच्या तोट्यांच्या) रांगांमधून चालायचे, मोजे उलटे करून निर्जंतुक पिशवीत घालायचे आणि बर्फाच्या डब्यातून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. एका पक्ष्याची विष्ठा तपासण्यापेक्षा यातून साऱ्या शेडचा अंदाज येतो. साल्मोनेलाचा अहवाल यायला तीन ते पाच दिवस लागतात, कारण आधी थकलेल्या जंतूला पोषक द्रवात एक दिवस वाढवावे लागते, मग निवडक द्रवात आणि शेवटी बशीवर. पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे. नमुना देण्याची पद्धत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्यावी. अँटिबायोटिक चालू असताना नमुना देऊ नये, कारण जंतू असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि माझा एक ‘स्वच्छ’ अहवाल अशाच प्रकारचा होता हे मला पुढे कळले.

मी सात नमुने घेतले: पिल्लांच्या खोक्यातील कागद, खाद्याच्या पोत्यातील खाद्य, टाकीतील पाणी, शेवटच्या निपलचे पाणी, गादी, फीड ठेवण्याच्या खोलीतील धूळ आणि पक्षी नेणाऱ्या गाडीतील क्रेट. पिल्लांच्या कागदाचा नमुना वगळू नका. जंतू हॅचरीतून, म्हणजे पिल्ले उबवणाऱ्या केंद्रातून, येत असेल तर शेडमध्ये कितीही आम्ल ओतून तो प्रश्न सुटणार नाही, हॅचरी बदलावी किंवा तिच्याशी बोलावे लागेल. माझा कागद स्वच्छ निघाला. टाकीतील पाणीही स्वच्छ निघाले. शेवटच्या निपलचे पाणी, गादी आणि क्रेट मात्र स्वच्छ नव्हते.

टाकी स्वच्छ आणि निपल दूषित

हा निकाल पाहून मी पहिल्या शेडमधील निपल लाइनचे टोकाचे बूच काढले आणि नळीत बोट घातले. आतून तपकिरी, बुळबुळीत, सायीसारखा थर बोटाला आला. त्याला आंबूस वास होता. बोट चोळले तरी तो सहज सुटेना. राखेने घासले तेव्हा कुठे हात मोकळा झाला. हा थर म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेले चिकट घर असते आणि त्यातील जंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही.

हा थर वाढवायला आपणच खाऊ घालतो. आपल्या कोल्हापूरकडे पिल्ले उतरवली की पहिले काही तास गुळाचे पाणी देण्याची रीत आहे. प्रवासाने थकलेल्या पिल्लाला ते उपयोगी पडते, त्यामुळे ती रीत सोडा असे मी म्हणणार नाही. पण ते पाणी निपल लाइनमधून देऊ नये, पिल्लांच्या छोट्या भांड्यांतून द्यावे आणि भांडी त्याच दिवशी घासावीत. गूळ, व्हिटॅमिनचे गोड द्रावण, इलेक्ट्रोलाइट हे सगळे नळीत राहून पहिल्या आठवड्यातच, पिल्लांना ऊब देण्याच्या (ब्रूडिंगच्या) काळातील ऊबेत आणि संथ वाहणाऱ्या पाण्यात, त्या थराचे खाद्य बनते. माझ्या शेडमध्ये वर्षानुवर्षे हेच होत होते.

थर काढण्याचे काम शेड रिकामी असतानाच करावे. स्थिरीकृत हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण, पत्रकावर दिलेल्या प्रमाणात, नळीत भरून रात्रभर ठेवायचे, प्रत्येक निपल बोटाने दाबून द्रावण त्याच्या टोकापर्यंत आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी टोकाचे बूच उघडून जोराच्या पाण्याने नळी धुवायची. पहिल्या वेळी माझ्या नळीतून चहाच्या चोथ्यासारखे तुकडे बाहेर पडत होते. एकदा धुऊन पाणी स्वच्छ दिसले तरी थांबू नये; मी दुसऱ्या दिवशी पुन्हा द्रावण भरले आणि पुन्हा तुकडे निघाले. पक्षी आत असताना ही तीव्र मात्रा वापरायची नाही, आणि सुटलेल्या तुकड्यांनी निपल तुंबतात म्हणून पिल्ले येण्याआधी प्रत्येक निपल तपासायचा.

त्यानंतर रोजच्या पाण्याचा प्रश्न येतो, आणि इथे सामू (पीएच) समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांतील हायपोक्लोरस आम्ल हेच रूप जंतू वेगाने मारते. पाण्याचा सामू ७ असेल तर मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे तीन-चतुर्थांश या रूपात असतो, सामू ८.५ असेल तर जेमतेम दहावा भाग. शिरोळ, हातकणंगलेकडील क्षारपड पट्ट्यातील बोअरचे पाणी अनेकदा अल्कधर्मी असते, त्यामुळे ब्लीचिंग पावडरचा वास येत असूनही पाणी निर्जंतुक होत नाही. म्हणून आधी सामू खाली आणायचा आणि मग शेवटच्या निपलला मोकळा क्लोरीन दर लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम मिळतो का ते पट्टीने पाहायचे. टाकीत मोजून उपयोग नाही. एक गोष्ट मात्र जिवावरची आहे: आम्ल आणि क्लोरीनची पावडर किंवा तीव्र द्रावणे एकत्र कधीही मिसळायची नाहीत, कारण विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या भांड्यांतून, भरपूर पाण्यातच जायला हवीत.

आम्ल हाच उपाय म्हणून निवडायचा असेल तर त्याचे काम कसे होते हे माहीत असावे. फॉर्मिक, प्रोपिऑनिक, लॅक्टिक यांसारखी सेंद्रिय आम्ले अखंड रेणूच्या रूपात असताना जंतूच्या आवरणातून आत शिरतात. आतील वातावरण उदासीन असल्यामुळे तिथे ती फुटतात, आम्लता सोडतात, आणि ती बाहेर फेकण्यात जंतूची शक्ती संपते. पाण्याचा सामू जितका कमी तितके अखंड रेणू जास्त, म्हणून सामू ७ च्या पाण्यात घातलेले थोडेसे आम्ल जवळजवळ वाया जाते. दोन शेजाऱ्यांच्या बोअरमध्येही क्षार वेगळे असतात, त्यामुळे डब्यावरची मात्रा ही केवळ सुरुवात समजावी. मी वीस लिटरच्या बादलीत आमचेच पाणी घेतले, इंजेक्शनच्या सिरिंजने एकेक मिली आम्ल घातले, दर वेळी ढवळून सामू मोजला आणि ४ ते ४.५ च्या दरम्यान येईपर्यंत किती मिली लागले ते वहीत लिहिले. डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या जवळपास दुप्पट लागले. सामू ४ च्या खाली नेऊ नये; पक्षी पाणी कमी पितात आणि लोखंडी जोड गंजतात. फॉर्मिक आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नव्हे.

लासोटा (राणीखेत रोगाची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल त्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत क्लोरीन आणि आम्ल दोन्ही बंद ठेवावीत आणि लसीच्या पाण्यात दर लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालावी. अँटिबायोटिक सोडण्याच्या घाईत लस वाया गेली तर दुसरेच संकट उभे राहते.

पिल्लाच्या आतड्यातली रिकामी जागा

खुडूक कोंबडीखाली निघालेले पिल्लू पहिल्याच दिवशी आईच्या विष्ठेत चोच मारते आणि तिच्या आतड्यातील चांगल्या जिवाणूंचा वारसा त्याला मिळतो. हॅचरीतील पिल्लाला आई नसते. त्याचे आतडे रिकामे असते, आणि पहिल्या काही दिवसांत अगदी थोडा साल्मोनेलाही तिथे ठाण मांडू शकतो. फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाचा मोठा प्रादुर्भाव झाला, त्यानंतर एस्को नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील द्रव्य एक दिवसाच्या पिल्लाला पाजले तर साल्मोनेलाला जागा मिळत नाही. प्रोबायोटिकची आजची सारी कल्पना बऱ्याच अंशी या निरीक्षणाच्या खांद्यावर उभी आहे. घरच्या कोंबडीची विष्ठा पिल्लांना देऊन हा प्रयोग स्वतः करू नये, कारण चांगल्या जिवाणूंबरोबर कॉक्सिडिया हे आतड्यातील परजीवी आणि इतर रोगही जातील.

म्हणून प्रोबायोटिकची खरी वेळ पिल्लू उतरल्याचा पहिला दिवस ही आहे. तिसऱ्या आठवड्यात, अहवाल वाईट आल्यावर, दिलेल्या प्रोबायोटिककडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. लॅक्टोबॅसिलस जातीचे प्रोबायोटिक क्लोरीनच्या पाण्यात दिले तर ते टाकीतच मरते, आणि मी लॉटमागून लॉट हीच चूक केली होती: सकाळी ब्लीचिंग, दुपारी त्याच टाकीत प्रोबायोटिक. बॅसिलस सबटिलिससारखे बीजाणू करणारे जिवाणू खाद्याच्या गोळ्या बनवतानाची उष्णता सोसतात, म्हणून खाद्यातून द्यायचे असेल तर ते निवडावे. अँटिबायोटिकचा कोर्स आणि प्रोबायोटिक एकाच वेळी देणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे होय.

यीस्टच्या पेशीभित्तिकेतील मॅननयुक्त शर्करेचे काम वेगळे आहे. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्या अंगावरील बारीक तंतू आतड्याच्या भिंतीवरील मॅनोजला पकडतात. खाद्यात तीच शर्करा मिळाली की ते तिलाच चिकटतात आणि विष्ठेतून बाहेर जातात. हा उपाय मदतनीस म्हणून चांगला आहे, एकट्यावर भिस्त ठेवण्याजोगा नाही. सीकापर्यंत पोचणारे आम्ल हवे असेल तर आवरण दिलेले ब्यूटिरेट (ब्यूटिरिक आम्लाचा क्षार) घ्यावे, कारण साधे आम्ल आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते. ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमल्डिहाइड हे प्रयोगशाळेतील बशीत जंतू मारतात यात शंका नाही. पण घरी कुटलेल्या ओव्यात थायमॉल किती आहे हे आपल्याला कळत नाही, आणि मात्रा न कळता दिलेल्या उपायावर मी माझा अहवाल सोपवणार नाही.

जिवाणूभक्षक विषाणूंबद्दल, म्हणजे फेजबद्दल, लोक अलीकडे नवे संशोधन म्हणून विचारतात. फेलिक्स डेरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा वापर कोंबड्यांच्या टायफॉइडवरच केला होता. जंतू एकाच फेजला लवकर दाद देईनासा होतो, त्यामुळे अनेक फेजचे मिश्रण आणि कत्तलीच्या जवळची वेळ हे त्याचे योग्य स्थान आहे.

गादी, काळे किडे आणि उंदीर

आमच्याकडे आजरा, चंदगडकडच्या भात गिरण्यांतून येणारे तूस गादीला वापरतात. पावसाळ्यात ते ओले होते आणि निपलखाली गोळे बनतात. मुठीत घट्ट दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे, लगेच सुटून विखुरली पण हाताला किंचित गारवा लागला तर ठीक आहे. ओल्या जागचे तूस काढून टाकावे, नुसते वर-खाली करून भागत नाही.

लॉट गेल्यावर तूस उचलले की आपण जंतूही गेला असे समजतो. तो काळ्या किड्यांच्या पोटात राहतो. हे किडे गादी गरम असेपर्यंत फीडरखाली आणि कडेला दिसतात, आणि पक्षी जाऊन गादी थंड झाली की भिंतीच्या भेगांत व जमिनीत शिरतात. नवी पिल्ले आली की पुन्हा बाहेर येतात आणि पिल्ले त्यांना आवडीने टिपतात. त्यामुळे त्यांचा बंदोबस्त पक्षी उचलल्याच्या दिवशीच, गादी गरम असताना, करावा लागतो. चार दिवसांनी फवारणी करून उपयोग होत नाही. धुण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी कोरडी झाडलोट, मग साबणाचे पाणी, मग पूर्ण वाळवणे आणि शेवटी जंतुनाशक. शेणमातीचा थर असलेल्या जमिनीवर जंतुनाशक ओतले तर ते त्या थरातच संपते.

पक्षी उचलण्याची रात्र

याकडे माझे सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले होते. आमच्याकडे संध्याकाळी सहाला फीडर वर उचलायचे, गाडी रात्री दहाला येईल असे ठरलेले असायचे, ती पहाटे चारला यायची आणि दुकानात शेवटचा पक्षी दुसऱ्या दिवशी दुपारी कापला जायचा. म्हणजे उपवास अठरा-वीस तासांचा. एका दुकानदाराने मला समोर उभे करून पक्षी उघडून दाखवला. गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत खाद्याचा कण नव्हता. ती ओल्या तुसाने आणि विष्ठेने गच्च भरली होती, आणि त्याच सुरीने त्याने पुढचा पक्षी हाती घेतला.

भरल्या पिशवीत लॅक्टोबॅसिलस आम्ल तयार करत असतात, त्यामुळे तिथे साल्मोनेलाला त्रास होतो. खाद्य थांबले की आम्ल कमी होते, सामू चढतो, आणि भुकेला पक्षी गादीत चोच मारून नेमका तोच जंतू आत घेतो. आतडे रिकामे असावे म्हणून खाद्य थांबवणे आवश्यक आहे, पण वाहतूक आणि दुकानातील वेळ धरून ते ८ ते १२ तासच असावे. त्याहून लांबले की आतड्याची भिंत कमकुवत होते, कापताना फुटते आणि मांसाला विष्ठा लागते. खाद्य बंद असतानाच्या पाण्यात सुमारे अर्धा टक्का लॅक्टिक आम्ल दिले तर अन्नाच्या पिशवीतील साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कमी होतात असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसले आहे. सर्व आम्लांच्या उपायांत मला हा सर्वांत नेमका वाटतो, कारण इथे जंतू आणि आम्ल एकाच जागी, एकाच वेळी भेटतात. चव तीव्र असल्याने पक्षी पाणी कमी पितात. त्यामुळे एप्रिल-मेच्या उकाड्यात हा उपाय पशुवैद्यकाला विचारूनच करावा.

मी व्यापाऱ्याशी बसून वेळ ठरवली: गाडी निघाल्याचा फोन आला की फीडर वर जातील, त्याआधी नाही. पहिल्या दोन लॉटला वाद झाला, कारण पोटात खाद्य असलेला पक्षी तराजूवर जड भरतो असे त्याचे म्हणणे होते आणि ते रास्तही होते. शेवटी आम्ही वजनातील वजावट लिहून ठरवली. क्रेट धुऊन, उन्हात वाळवून आणायचे ही अटही त्याच कागदावर आली.

कॅम्पिलोबॅक्टर वेगळा आहे

वरील उपायांनी साल्मोनेला हटला तरी कॅम्पिलोबॅक्टर हटेलच असे नाही. तो साधारण दोन-तीन आठवड्यांच्या वयानंतर शेडमध्ये शिरतो, कोंबडीच्या अंगची ४१-४२ अंश सेल्सिअसची ऊब त्याला मानवते आणि एकदा शिरला की काही दिवसांत सारी शेड व्यापतो. कोरडेपणा मात्र त्याला सोसत नाही. तो बहुधा बाहेरून येतो: बुटांवरून, माश्यांवरून, आणि थोडे पक्षी आधी निवडून काढण्यासाठी आत आलेल्या माणसांबरोबर. डेन्मार्कमध्ये शेडना माशीरोधक जाळ्या बसवल्यावर बाधित कळपांचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या उघड्या बाजूंच्या शेडना तशी जाळी बसवली तर उन्हाळ्यात हवा अडते, त्यामुळे मी ती सरसकट सुचवत नाही. दारातच बूट बदलणे, शेडचे बूट शेडमध्येच ठेवणे आणि शेणखताचा ढीग शेडपासून दूर नेणे एवढे मात्र प्रत्येकाला जमण्याजोगे आहे.

पक्षी खरोखर आजारी पडले तर पशुवैद्यकाने तपासून दिलेले अँटिबायोटिक जरूर द्यावे, पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस, आणि औषध संपल्यापासून कत्तलीपर्यंतचा ठरलेला काळ पाळावा. आजारी पक्ष्याला उपचाराविना ठेवणे हा या लिखाणाचा अर्थ कोणी घेऊ नये.

नळी धुणे, गुळाचे पाणी भांड्यातून, पहिल्या दिवसापासून क्लोरीनविरहित पाण्यातून प्रोबायोटिक, आणि उचलण्याच्या रात्रीचा बदल हे सगळे एकाच लॉटपासून सुरू केले. पहिल्या शेडचे बुटांचे मोजे त्यानंतर सलग तीन लॉट स्वच्छ आले आहेत. दुसऱ्या शेडचा अहवाल मात्र दुसऱ्या लॉटला पुन्हा वाईट आला. तिथले पाणी ठीक होते, कागद ठीक होता. फीडच्या खोलीत लाकडी फळ्या उचलल्या तेव्हा भिंतीलगत उंदरांच्या लेंड्यांची ओळ दिसली आणि फिनिशरच्या (शेवटच्या टप्प्यात देण्याच्या खाद्याच्या) एका पोत्याचा खालचा कोपरा कुरतडलेला होता. त्या खोलीच्या धुळीचा नमुना पहिल्या खेपेला मी दारापाशी घेतला होता, फळ्यांखाली नाही. आता पोती भिंतीपासून हातभर अंतरावर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवली आहेत, बिळे सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बुजवली आहेत, आणि फळ्यांखालचा नमुना या सोमवारी प्रयोगशाळेत गेला आहे.